सहा बाय चार

डिकीत पाठीवर झोपा, पाय बाहेर राहू द्या. टॉर्च तोंडात धरू नका, कपाळाला बांधा. दोन्ही हात मोकळे लागणार आहेत. तुमच्या नाकापासून वीतभर वर मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेचा पत्रा आहे. आज तोच वाचायचा आहे.

गाडी १९६७ ची, फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. याच मॉडेलची गाडी पुढे आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, काळीपिवळी होऊन मुंबईभर धावली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरली. खासगी मालकीच्या डिलाइट मात्र अजून आहेत. १०८९ सीसीच्या इंजिनाचे भाग शोधले तर मिळतात. क्रोमच्या पट्ट्यांना पुन्हा मुलामा देता येतो, सीटचं रेक्झिन जुन्या रंगाचं मिळतं. मिळत नाही ती एकच गोष्ट: रेडिओचा स्पीकर ज्या चौकटीवर बसला होता ती चौकट. ती कारखान्यातून आलीच नव्हती. गाडी ताब्यात मिळाल्यावर मालक ती बाजारात नेई आणि कुणीतरी हातानं चौकट बनवून बसवी. म्हणजे तुम्हाला मूळची चौकट हवी असेल तर नकाशा मागायला कारखाना नाही, एका माणसाचा हात ओळखावा लागेल.

आधी दिसतात त्या दोन मोठ्या अंडाकृती जखमा. डावीकडे एक, उजवीकडे एक, प्रत्येकी 'सहा बाय नऊ' इंची स्पीकरच्या. कडा वाकड्या, गंजलेल्या, पत्राकापीचे दात उमटलेले. हे काम खूप नंतरचं आहे. त्याकडे नंतर येऊ. टॉर्च मधोमध न्या. दोन जखमांच्या मध्ये जुन्या रंगाखाली आणखी एक लंबगोल भोक आहे, लहान, आणि त्यावर वरून कुणीतरी पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून ठोकला आहे. त्याच्याभोवती चार बारीक भोकं. त्यांच्याही बाहेर एक चौकोनी सावली, जिथे रंग शेजारच्यापेक्षा किंचित फिका राहिला, कारण तिथे कित्येक वर्षं काहीतरी घट्ट चिकटून होतं.

मोजपट्टी लावा. आतल्या भोकाची लांबी साडेपाच इंच, रुंदी साडेतीन. म्हणजे वर बसलेला स्पीकर 'सहा बाय चार'चा. सावलीचा चौकोन त्याहून बराच मोठा आहे, म्हणजे स्पीकर थेट पत्र्यावर नव्हता. मध्ये फळी होती. आणि स्पीकर एकच होता.

आता त्या लहान भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. गंजाची खरखर हवी तिथे धार लागते. पत्रा कोरा आहे. बोट मागे घ्या, डोळे मिटा, कारण वरून गिरमिटाचं टोक पत्र्यातून आत येतंय आणि लोखंडाचा चुरा तुमच्या गालावर पडतोय.

"अरे, डोळे मिट म्हटलं ना!" वरून आवाज येतो. "आणि तो कंदील नीट धर."

तुमच्या कपाळावर टॉर्च नाही. हातात वायरला टांगलेला दिवा आहे, लोखंडी जाळीतला, चटका बसेल इतका तापलेला. रॉकेल, कथील आणि नव्या रेक्झिनचा वास येतोय. डिकीतून बाहेर सरका.

नोव्हेंबर १९६७. लॅमिंग्टन रोडच्या मागची गल्ली. गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर 'ज्वेल थीफ'चं पोस्टर आहे, पलीकडे नाझच्या इमारतीतून सिनेमावाले लोक उतरताहेत, आणि ट्राम बंद होऊन साडेतीन वर्षं झाली तरी लोक अजून ट्रामच्या थांब्याच्या खुणेनं पत्ता सांगताहेत. दुकान म्हणजे एक फळ्यांचं दार, आत एक बाक, बाकावर उघडे रेडिओ, भिंतीवर मर्फीच्या बाळाचं कॅलेंडर. गाडी बाहेर रस्त्यातच उभी. वरच्या बाजूला मागची सीट काढून तिथे उकिडवा बसलेला माणूस म्हणजे दुकानाचे मालक. सगळे त्यांना काका म्हणतात. तुम्ही कोण, कुठून आलात, हे ते विचारत नाहीत. मदतीचा पोऱ्या आज आलेला नाही, तुम्ही आलात, एवढं त्यांना पुरतं.

गाडीचे मालक गिरगावातले डॉक्टर आहेत. पांढरा बुशशर्ट, हातात रुमाल, जीव गाडीत. नाव नोंदवून कितीतरी वर्षं थांबल्यावर ही गाडी मिळाली आहे; त्या काळात मोटार अशीच मिळते. रेडिओचा परवाना त्यांनी पोस्टातून आधीच आणला आहे. घरच्या रेडिओसारखाच गाडीतल्या रेडिओलाही परवाना लागतो, आणि काका तो पाहिल्याशिवाय संच बसवत नाहीत. ही अट काकांनी सरकारच्या भीतीनं घातलेली नाही. परवान्याशिवाय बसवलेल्या संचाला गिऱ्हाईकच चोरासारखं वागवतं, मागच्या बाजूला दडपून ठेवतं, आणि मग कामाची शोभा जाते, असं त्यांचं म्हणणं.

डॉक्टरांना स्पीकर पुढे हवा होता, डॅशबोर्डखाली, गुडघ्यांच्या वर. काकांनी सकाळी त्यांना जे दाखवलं ते आता तुमच्यासाठी पुन्हा दाखवतात. तुम्ही ते नीट ऐका, सगळी चौकट त्यातून निघते.

ते स्पीकर नुसता हातात धरतात, तार जोडतात, संच चालू करतात. बातम्या चालल्या आहेत. निवेदकाचा आवाज येतो पण पातळ, नाकातून आल्यासारखा. शब्द कळतात, माणूस कळत नाही. मग ते तोच स्पीकर बाकावरच्या भोक पाडलेल्या फळीवर ठेवून दाबतात. संचाला हात लावलेला नाही, आवाजाची कळ फिरवलेली नाही. आणि निवेदकाला एकदम छाती येते.

कारण असं. कागदी कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची ताणली जाते. खालच्या सुरांच्या लहरी लांब असतात. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटरची. एवढ्या लांब लहरीला चार इंचांचा स्पीकर म्हणजे आडकाठीच नव्हे. मागची ताणलेली हवा कडेवरून वळून पुढे येते आणि पुढच्या दाबाला तिथल्या तिथे फेडून टाकते. सूर जन्मायच्या आत मरतो. फळी मध्ये आली की मागच्या हवेला लांबचा वळसा पडतो. फळीऐवजी अख्खा पार्सल ट्रे घेतला, त्याच्या एका बाजूला बैठकीची हवा आणि दुसऱ्या बाजूला बंद डिकी, तर पुढचं आणि मागचं जवळजवळ भेटतच नाही. डिकी हीच स्पीकरची पेटी होते, आणि तीही फुकट.

"पुढे लावला असता तर डॉक्टरांचे गुडघे गाणं ऐकत बसले असते," काका म्हणतात. "मागे लावला की आवाज आधी काचेवर जातो. ही काच तिरकी आहे. ती त्याला पुढे पाठवते. ड्रायव्हरच्या कानाच्या उंचीवर येतो. पुढे बसणाऱ्याला वाटतं, मागे कुणी बोलतंय."

तुम्ही विचारता, मग स्पीकर थेट पत्र्यावर का नाही. काका पत्र्यावर बोटानं टिचकी मारतात. पत्रा गुंजतो. ही गुंज ठरावीक सुरालाच जागी होते, आणि बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या आवाजात तो सूर येत राहतो. म्हणून मध्ये अर्ध्या इंचाचं प्लायवुड. प्लायवुड आणि पत्र्यामध्ये फेल्टची पट्टी. लाकूड पत्र्यापेक्षा जाड, जड आणि सुस्त. टिचकी मारली तर ठक् होतं आणि थांबतं. तुम्हाला दिसलेली चौकोनी सावली या फेल्टची.

मोटारीत रेडिओ बसवणं हे सुरुवातीपासूनच असं जागा शोधण्याचं काम आहे. १९३० च्या जूनमध्ये पॉल गॅल्व्हिननं अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत रेडिओ कारखानदारांच्या संमेलनाबाहेर आपली स्टुडबेकर उभी केली आणि तिच्यातला रेडिओ मोठ्यानं लावून ठेवला. त्याच्या कंपनीचं नाव पुढे मोटोरोला झालं. तेव्हाचे संच व्हॉल्व्हचे, वीज खाणारे, वेगळ्या बॅटऱ्या मागणारे. काकांच्या बाकावरचा संच ट्रान्झिस्टरचा आहे, गाडीच्या १२ व्होल्टवर सरळ चालतो आणि दोन कळांच्या मागे मावतो. संच एवढा लहान झाला. स्पीकर नाही होऊ शकला. हवा हलवायची तर कागद हवाच, आणि कागदाला जागा हवी.

आता लंबगोल काढायचा आहे. तुम्ही साचा शोधताय. काकांकडे साचा नाही. ते प्लायवुडवर मधली रेघ ओढतात, तिच्यावर दोन खिळे ठोकतात, दोघांमधलं अंतर सव्वाचार इंच. साडेपाच इंच दोरा मोजून त्याची दोन्ही टोकं खिळ्यांना बांधतात. दोऱ्यात पेन्सिल अडकवून ताणून फिरवतात, आधी वरून, मग खालून. साडेपाच लांब, साडेतीन रुंद, नेमका लंबगोल. तुम्ही मनात हिशेब करता: अर्धी लांबी पावणेतीन, अर्धी रुंदी पावणेदोन, दोन्हींच्या वर्गांची वजाबाकी साडेचार, तिचं वर्गमूळ दोन पूर्णांक बारा, दुप्पट केली की सव्वाचार. बरोबर आहे. काकांनी हा हिशेब कधी मांडला असेल असं वाटत नाही. पाच बाय सातसाठी खिळे किती लांब, आठ बाय पाचसाठी किती, हे त्यांनी भिंतीवर चुन्यात कोरून ठेवलं आहे.

भोक बारीक पात्याच्या करवतीनं कापलं जातं. आतली कड कानशीनं तिरपी करायची, म्हणजे पुढे येणारा आवाज काटकोनाच्या कडेवर आदळत नाही. हे काम तुम्हाला दिलं आहे. कानस एकाच दिशेनं ओढा. मागेपुढे केली की प्लायवुडचे पापुद्रे उचकटतात. मग संपूर्ण फळीला, भोकाच्या कडेसकट, चपडा लाखेचा हात. मुंबईच्या पावसाळ्यात लाख न लावलेली फळी फुगते, स्क्रू ढिले होतात, आणि श्रावण संपता संपता गिऱ्हाईक खरखरीची तक्रार घेऊन परत येतं. एक हात वाळला की दुसरा. काका पाठीमागची बाजूही सोडत नाहीत, जी कुणी कधी पाहणार नाही. कुणी पाहणार नाही तिथेच दमटपणा शिरतो.

लाख वाळेपर्यंत बॉनेटखाली. स्पीकर कितीही चांगला बसवा, इंजिन सुरू झालं की प्रत्येक प्लगची ठिणगी रेडिओत टक्-टक् ऐकू येते, आणि डायनॅमोची शिट्टी वेगाबरोबर चढत जाते. काका कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला एक कंडेन्सर लावतात, डायनॅमोच्या मुख्य टोकाला दुसरा. तुम्ही तिसरा घेऊन डायनॅमोच्या फील्डच्या टोकाकडे हात नेता तेव्हा ते हातावर चापट मारतात. तिथे कंडेन्सर लावला तर रेग्युलेटरचे संपर्क जळतात. ही चूक करणारे लोक गल्लीत पुष्कळ आहेत आणि त्यांची गिऱ्हाइकं महिन्याभरानं बॅटरी मेली म्हणून काकांकडे येतात. एरियल पुढच्या मडगार्डवर, स्पीकर अगदी मागे. एरियलचं काम झाल्यावर काका संच पट्टीच्या वरच्या टोकाकडे नेऊन एक दूरचं, अशक्त केंद्र शोधतात आणि संचाच्या बाजूचा बारीक स्क्रू हळूहळू फिरवत ते जास्तीत जास्त मोठं ऐकू येईल तिथे थांबतात. जवळचं, जोरकस केंद्र लावून हे करता येत नाही. जोरकस केंद्र सगळ्या चुका झाकतं.

तार डाव्या दाराच्या उंबऱ्याखालून, रबरी पायपुसणीच्या आत, मागच्या सीटखालून डिकीत. पत्र्यातून जिथे जिथे जाते तिथे रबरी ग्रोमेट. स्पीकरच्या दोन टोकांपैकी कुठलं कुठे जोडायचं, तुम्ही विचारता. कुठलंही, ते म्हणतात. एकच स्पीकर आहे. उलटा जोडला काय, सुलटा काय, कानाला कळत नाही. फक्त एक पाळायचं: स्पीकर जोडल्याशिवाय संच चालू करायचा नाही. भार नसलेला ट्रान्झिस्टर कधी जळेल याचा नेम नाही.

शेवटी जाळी. काका फळीवर आधी काळं विरळ कापड ताणून चिकटवतात, त्यावर बारीक भोकांची पत्र्याची जाळी, आणि कडेनं सीटच्याच रंगाच्या रेक्झिनची घडी घालून खालून छोट्या खिळ्यांनी पक्की करतात. मागच्या काचेतून दुपारभर ऊन येतं, आणि उन्हानं कागदी कोन ठिसूळ होतो. काळं कापड त्या उन्हासाठी आहे. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, आणि शोभाही आहेच. चार स्क्रू. वर फक्त एक बुटका, नीटस, रेक्झिननं मढवलेला चौथरा दिसतो. बस्स.

मागची सीट परत बसते. किल्ली फिरते. विविध भारती लागते. याच महिन्याच्या १ तारखेपासून मुंबई, पुणे आणि नागपूरला तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि डॉक्टरांना त्या अजून नवलाच्या वाटतात. ते तुम्हालाही गाडीत घेतात. गल्लीतून बाहेर, ऑपेरा हाउसवरून, मग उत्तरेकडे. किंग्ज सर्कलच्या रेल्वे पुलाखाली शिरताच गाणं बुडतं, पलीकडे निघताच परत येतं. डॉक्टर घाबरून काकांकडे पाहतात. काका मान हलवतात. पुलाचं लोखंड मिडियम वेव्हची लहर अडवतं. यात स्पीकरचा दोष नाही, संचाचाही नाही. परतीच्या वाटेवर काका केंद्र बदलतात, 'कामगार सभा' हा कार्यक्रम लागतो, आणि डॉक्टरांची मागे बसलेली मुलगी दोनदा मान वळवून काचेकडे बघते, बोलणारा माणूस कुठे आहे ते शोधायला. काका हे पाहतात आणि काही बोलत नाहीत. त्यांना हवं होतं ते हेच.

या कामाचा कस पुढच्या महिन्यात लागतो, आणि तिथपर्यंत तुम्ही थांबायला हवं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून गेलेत. खाट हलते, भांडी वाजतात, गिरगावातल्या चाळींचे जिने माणसांनी भरून जातात. कोयनेला भूकंप झाला आहे. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली, हे अजून कुणालाच माहीत नाही. कोयनेहून मुंबईकडे येणारी वीज थांबली आहे. ज्या घरात दिवा लागत नाही त्या घरातला व्हॉल्व्हचा रेडिओही मुका आहे. हातातले ट्रान्झिस्टर काहींकडे आहेत, बहुतेकांकडे नाहीत. उजाडताना डॉक्टर खाली येतात, गाडीची चारी दारं उघडतात, किल्ली फिरवतात आणि आकाशवाणीचं सकाळचं प्रसारण सुरू व्हायची वाट पाहतात.

बातम्या लागतात तेव्हा गाडीभोवती माणसं उभी आहेत, घोंगड्या पांघरलेली, पोरं कडेवर घेतलेली. एक स्पीकर. सहा बाय चार. ज्यांचे गाववाले कराड-पाटणकडे आहेत ती माणसं दारात अर्धी वाकून ऐकताहेत. त्यांना एकेक शब्द हवा आहे, गावाचं एकेक नाव हवं आहे, आणि ते नाव त्यांना स्पष्ट कळतंय. काकांनी बाकावर स्पीकर दाबून दाखवला तेव्हा त्यांना गाणं सुधारायचं नव्हतं. माणसाचा आवाज माणसासारखा यावा एवढंच त्यांना हवं होतं. प्लायवुडची जाडी, फेल्ट, तिरपी कड, मधोमध जागा, सगळं त्या एका आवाजासाठी. मला या सगळ्या कहाणीत याहून महत्त्वाचं काही वाटत नाही.

पुढची वर्षं भराभर जाऊ द्या. १९८० च्या दशकाच्या मध्याला रेडिओचे परवाने रद्द होतात. कॅसेट येते, तिच्याबरोबर डावा-उजवा आवाज येतो, आणि मध्यावरचा एकटा स्पीकर जुना वाटू लागतो. नव्वदीत गाडीचा दुसरा मालक ती एका रस्त्यावरच्या दुकानात नेतो. तिथला मुलगा काकांची फळी उचकटतो, मधल्या भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकतो आणि पत्राकापीनं दोन्ही बाजूंना 'सहा बाय नऊ' कापतो. त्याला दोष देऊ नका. त्यानं त्या वर्षाचं काम त्या वर्षाच्या घाईनं केलं, आणि गाडीत बसलेल्या तरुणांना त्या संध्याकाळी हवं ते गाणं दणदणीत मिळालं. वाईट वाटतं ते फळीचं. ती कुठेतरी भंगारात गेली आणि कुणी तिची मापं लिहून ठेवली नाहीत.

आता परत या. डिकी, टॉर्च, गंज.

कामाला लागताना पहिला नियम: मूळ पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही. एकही नाही. दोन मोठ्या जखमांवर आतून पत्र्याची पट्टी बसवा, पण वेल्डिंग करू नका. मागच्या काचेच्या रबराजवळ ज्योत नेणं धोक्याचं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं पातळ पत्रा वाकतो तो पुन्हा सरळ होत नाही. गंज घासून काढा, प्राइमर द्या, पट्टी ओव्हरलॅप ठेवून चिकटद्रव्यानं आणि त्याच जुन्या स्क्रूच्या भोकांनी धरा. मधल्या भोकावरचे रिव्हेट ड्रिलनं सावकाश काढा, डोकी तेवढी उडवा. खालून काकांचं भोक उघडं होईल.

फळीसाठी अर्ध्या इंचाचं समुद्री प्लायवुड घ्या. आज ते सहज मिळतं. मोजायला कॅलिपर असेल, लेझरनं कापणारा यंत्रवाला असेल, तरी एकदा दोन खिळे आणि दोरा घेऊन लंबगोल हातानं काढून बघा. मग यंत्रानं कापलेला वरती ठेवा. दोन्ही जुळतात. यंत्राकडून कापलेली कड काटकोनी येईल, ती कानशीनं तिरपी करा, त्यात टाळाटाळ नको. लाख मात्र चपड्याचीच लावा, पॉलियुरेथेन नको. जुन्या गाडीत उन्हात तापल्यावर तिचा वासही वेगळा असतो, आणि पुन्हा काढायची झाली तर स्पिरिटनं निघते.

फेल्टच्या बाबतीत मी बदल सुचवेन. काकांच्या फेल्टनं पाणी धरलं होतं. फिक्या चौकोनाच्या खालच्या बाजूला गंजाची रेघ आहे ती त्याची. बंद पेशींच्या रबराची पातळ पट्टी वापरा. वरून दिसत नाही, काम तेच करते, पाणी धरत नाही. मूळ वस्तूशी प्रामाणिक राहणं म्हणजे तिचा गंजही परत आणणं नव्हे.

स्पीकर निवडताना फसाल. बाजारात मिळणारे सहा बाय चार मोठ्या ताकदीच्या संचासाठी केलेले असतात. त्यांचा कोन जाड, कडेला रबर, आणि जुन्या संचाच्या तीन-चार वॉटला ते हलतच नाहीत. पातळ कागदी कोनाचा, कागदाच्याच कडेचा, हलका स्पीकर शोधा. जुन्या रेडिओतून निघालेला, अल्निको चुंबकाचा मिळाला तर उत्तम. तो घेण्याआधी दोन्ही हातांची बोटं कोनावर समान ठेवून हळूच आत दाबा. कुठेही घासल्याची कुरकुर आली तर सोडून द्या. दीड व्होल्टच्या सेलनं त्याच्या टोकांना क्षणभर स्पर्श करा. स्वच्छ टक् यायला हवा. रोध तपासा. संचाच्या पाठीवर आठ ओहम लिहिलं असेल आणि तुम्ही चारचा लावलात तर आवाज काही वेळ जास्त येईल आणि मग ट्रान्झिस्टर जातील. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर आज मिळवणं स्पीकर मिळवण्याहून अवघड आहे.

जाळी, काळं कापड, रेक्झिनची घडी. घडी घालताना कोपऱ्यात रेक्झिन कापू नका, चुण्या पाडा. काकांच्या हाताची तीच सवय होती. सीटच्या कडांवर बघा, त्या काळातल्या प्रत्येक कोपऱ्यावर तशाच चुण्या आहेत.

फळीच्या खालच्या बाजूला, लाखेवर, पेन्सिलनं मापं लिहा: खिळ्यांमधलं अंतर, दोऱ्याची लांबी, प्लायवुडची जाडी, स्पीकरचा रोध, तारीख. पुढे कधी कुणी ती उचकटलीच तर त्याला वाचता येईल.

मग मागची सीट काढून फळी बसवा. चार स्क्रू, चारही जुन्याच भोकांत. इंजिन बंद ठेवून फोनवरून ८० ते ३०० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत संचाच्या आवाजाच्या कळेपाशी सोडा; मध्ये कंडेन्सर ठेवून, म्हणजे संचातली वीज फोनकडे येणार नाही. कुठेतरी काहीतरी किणकिणेल. ते बहुधा स्पीकर नसेल. नंबरप्लेटचा दिवा असेल, जॅकचा दांडा असेल, डिकीच्या कुलुपाची साखळी असेल. एकेक शोधून आवळा, कापूस भरा, पट्टी लावा. सूर दीडशेच्या आसपास पोचेल तेव्हा पत्र्यावर तळहात ठेवा. गुंज हातात लागली तर फळीखालची रबरी पट्टी एका कोपऱ्यात नीट दबलेली नाही; तो स्क्रू अर्धा फेरा ढिला करा, समोरचा अर्धा फेरा आवळा, पुन्हा सूर चढवा. तळहाताखालचा पत्रा शांत झाला की मिडियम वेव्ह लावा, पट्टीवर सावकाश फिरा, कुठे माणूस बोलताना सापडेल तिथे थांबा आणि पुढच्या सीटवर जाऊन ऐका. शब्द कळत असतील आणि माणूसही कळत असेल, तर मागची सीट परत बसवायला हरकत नाही.